पुरायचे ते विरघळणारे हवे, हातातले टिकणारे

ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्याच्या योजनांविषयी कृष्णा-वारणेच्या काठी सध्या पुष्कळ बोलले जाते. बारामतीच्या प्रयोगानंतर साखर कारखाने, कृषी विभाग आणि खासगी कंपन्या अशा सर्वांचाच ओढा शेतात सेन्सर बसवण्याकडे आहे, आणि २०२५ मध्ये राज्य शासनाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र धोरण जाहीर केल्यामुळे त्याला सरकारी पैशाचे बळही मिळणार आहे. जमिनीतील ओल, तापमान आणि क्षारता मोजून पाणी किती वाचेल, खताचा खर्च किती उतरेल आणि एकरी टनेज किती वाढेल, हे शेतकरी मेळाव्यांतून उत्साहाने सांगितले जाते. हा उत्साह अनाठायी आहे असे मी म्हणणार नाही. पाटाने पाणी सोडून सोडून जमिनी क्षारपड झालेल्या सांगली जिल्ह्यात ओल मोजून पाणी देण्याची सवय लागत असेल, तर ती हवीच आहे. पण पीक निघाल्यावर, रोटाव्हेटर फिरल्यावर किंवा यंत्र बंद पडल्यावर जमिनीखाली राहिलेल्या त्या वस्तूचे काय करायचे, हा प्रश्न मात्र मेळाव्यात कुणी विचारत नाही.

प्रयोगशाळांमधून या प्रश्नाला एक उत्तर पुढे येत आहे. काम संपल्यावर जमिनीत किंवा शरीरात निरुपद्रवीपणे विरून जाणारी इलेक्ट्रॉनिक साधने बनवता येतील, असे ते उत्तर आहे आणि त्यामागचे विज्ञान खरे आहे. मात्र हे उत्तर सरसकट सगळ्या इलेक्ट्रॉनिक कचऱ्यावरचा उतारा म्हणून मांडले जाऊ लागले आहे, आणि तेथे माझा विरोध आहे. माझे म्हणणे असे की, जो भाग वापरानंतर परत हाती येण्याची व्यवहारात शक्यता नाही, तोच विघटनशील असावा, आणि सार्वजनिक पैशातून होणाऱ्या खरेदीला व अनुदानाला तशी सक्तीची अट असावी. जो भाग परत गोळा होऊ शकतो, त्याला मात्र विघटनशीलतेच्या नावाखाली लवकर मोडण्याची मुभा मिळू नये.

प्लॅस्टिक विजेला अटकावच करते, ही समजूत १९७७ मध्ये मोडली. ॲलन हीगर, ॲलन मॅकडायर्मिड आणि हिदेकी शिराकावा यांनी पॉलिॲसिटिलीन या कार्बनी बहुवारिकावर (पॉलिमरवर) आयोडीनची प्रक्रिया करून त्याची विद्युतवाहकता कोटी पटींनी वाढवून दाखवली आणि त्या कामासाठी २००० साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. कार्बन अणूंच्या साखळीत एकाआड एक दुहेरी बंध असले की काही इलेक्ट्रॉन एकाच अणूपाशी अडकून न राहता साखळीभर पसरतात, हे त्यामागचे तत्त्व आहे. अशाच रचनेमुळे कित्येक वनस्पतिजन्य पदार्थांना रंग येतो, आणि म्हणून संशोधकांचे लक्ष जुन्या रंगद्रव्यांकडे वळले हे स्वाभाविकच होते. ऑस्ट्रियातील लिंझ येथील गटाने २०१२ मध्ये इंडिगोपासून, म्हणजे ज्या निळीसाठी बंगालमधील शेतकऱ्यांनी निळवाल्यांचा जाच सोसला त्याच निळीतील रंगद्रव्यापासून, ट्रान्झिस्टर बनवले आणि त्यांच्याखाली पाया म्हणून लाखेचा थर वापरला. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याला चकाकी आणण्यासाठी जो चपडा वापरतात, ती हीच लाख. पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवरील किडे ती तयार करतात आणि भारत हा तिचा जगातील प्रमुख उत्पादक देश आहे. याच गटाने त्याआधी औषधी कॅप्सूलचे जिलेटिन, तापवून घट्ट केलेली साखर आणि डीएनएतील ग्वानिन व ॲडेनिन यांचेही थर ट्रान्झिस्टरसाठी वापरून पाहिले होते.

याच सुमारास अमेरिकेत जॉन रॉजर्स आणि फिओरेन्झो ओमेनेटो यांच्या गटांनी दुसरी वाट धरली. त्यांनी नेहमीचेच सिलिकॉन घेतले, पण ते नॅनोमीटरमध्ये मोजावे लागेल इतके पातळ केले, तारा मॅग्नेशियमच्या केल्या आणि पाया रेशमातील प्रथिनाचा ठेवला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामातून असे सिद्ध झाले की पुरेसे पातळ सिलिकॉन शरीरद्रवात काही आठवड्यांत विरघळते. आपल्या यंत्रांतील सिलिकॉनची चकती याहून हजारो पटींनी जाड असल्यामुळे त्याच वेगाने ती विरायला शेकडो वर्षे लागतील, हे येथे लक्षात ठेवलेले बरे. पुढे २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या झेनान बाओ यांच्या गटाने अर्धवाहक बहुवारिकाच्या साखळीतच पाण्याने तुटू शकणारे इमीन बंध घातले, त्याला अतिपातळ सेल्युलोजचा पाया आणि लोखंडाचे इलेक्ट्रोड दिले, आणि सौम्य आम्लात व सेल्युलोज पचवणाऱ्या विकराच्या (एन्झाइमच्या) सान्निध्यात हे सर्व सुमारे ३० दिवसांत नाहीसे होते असे दाखवले. यातील ‘सौम्य आम्लात’ या अटीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

या साधनांची ताकद किती, याविषयी भ्रम नसावा. इंडिगोच्या थरात विद्युतभार ज्या सहजतेने सरकतो, ती शुद्ध सिलिकॉनच्या मानाने लाखभर पटींनी कमी आहे. त्यावर मोबाइल चालणार नाही, आणि उद्या कुणी सांगलीच्या हळदीपासून चिप बनवल्याची बातमी दिली, तर ती हळदीच्या भावावर परिणाम करणार नाही हेही खुशाल धरून चालावे. कर्क्युमिनच्या रेणूतही तसेच एकाआड एक दुहेरी बंध आहेत एवढ्यावरून कारखाना उभा राहत नाही. पण तासातून एकदा जमिनीची ओल मोजायची आणि तो आकडा काही फुटांवरच्या पेटीपर्यंत पोचवायचा, एवढेच काम असेल तर वेगाची गरज नाही. संथ, स्वस्त आणि अल्पायुषी साधनही तेथे पुरते.

आता मोबाइल, दूरदर्शन संच आणि संगणक यांचा विचार करू. २०२२ मध्ये जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अहवाल सांगतो. या आकड्यावर बोट ठेवून विघटनशील इलेक्ट्रॉनिक्सचे समर्थन करण्याची पद्धत पडली आहे. मला ती दिशाभूल करणारी वाटते. त्या कचऱ्यात सोने, तांबे, पॅलेडियम आहे आणि ते परत काढण्यासारखे आहे. शिवाय चिप बनवताना जी वीज, जे अतिशुद्ध पाणी आणि जी रसायने खर्च होतात, ती चिप विरघळल्याने परत मिळत नाहीत. उपकरण जितके जास्त वर्षे चालेल, तितका तो खर्च अधिक वर्षांत विभागला जातो. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि पाणी ओसरल्यावर सांगलीच्या पेठांमध्ये भिजलेले फ्रिज, टीव्ही, इन्व्हर्टर आणि मिक्सर यांचे ढीग रस्त्यावर आले. त्यांतील जी यंत्रे वाचली, ती उघडून, धुऊन, सुकवून, सुटे भाग बदलून वाचली. उघडता येणारी रचना, मिळणारे सुटे भाग आणि हातात कसब असलेला दुरुस्ती करणारा माणूस, ही त्या कचऱ्यावरची खरी उपाययोजना आहे. पाण्याने विरघळणारा टीव्ही पुराच्या गावाला कशाला हवा?

देशातील ई-कचऱ्याचे नियमही याच गृहीतावर उभे आहेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी उत्पादकावर जबाबदारी टाकली, ती वस्तू वापरानंतर गोळा होईल आणि नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रात जाईल असे धरून. घरातल्या वस्तूंसाठी हे गृहीत निदान अंशतः खरे आहे, कारण गल्लीत येणारा भंगारवाला जुना मोबाइलही पैसे देऊन नेतो. तो उसाच्या सरीत वीतभर खाली गाडलेला सेन्सर उकरून नेणार नाही. शेतात शंभर ठिकाणी पेरलेल्या छोट्या साधनांना परतीचा रस्ता नाही, आणि नियमांची सारी रचना परतीच्या रस्त्यावर अवलंबून आहे.

परतीचा रस्ता नसलेली दुसरी जागा म्हणजे मानवी शरीर. तेथे मात्र या विषयाची हाताळणी किती वेगळी झाली आहे ते पाहण्यासारखे आहे. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर काही दिवसांपुरता पेसमेकर लावावा लागतो, त्याच्या तारा छातीतून बाहेर काढलेल्या असतात आणि नंतर त्या ओढून काढाव्या लागतात. त्या काढताना क्वचित रक्तस्राव होतो. नील आर्मस्ट्राँग यांचा २०१२ मधील मृत्यू अशाच रक्तस्रावातून उद्भवलेल्या गुंतागुंतीमुळे झाला, हे काही वर्षांनी वृत्तपत्रांतून उघड झाले. २०२१ मध्ये अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न आणि जॉर्ज वॉशिंग्टन या विद्यापीठांच्या संशोधकांनी तारा आणि बॅटरी दोन्ही नसलेला, बाहेरून बिनतारी ऊर्जा घेणारा आणि काही आठवड्यांत शरीरातच विरघळणारा पेसमेकर प्राण्यांवर यशस्वी करून दाखवला. त्यातील पीएलजीए हे बहुवारिक शल्यचिकित्सकांना नवे नाही. आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यांत त्याच कुळातील पदार्थ कित्येक दशके वापरले जात आहेत. मिरजेत मिशन रुग्णालय उभारणाऱ्या डॉ. वॉन्लेस यांच्या काळापासून, म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे, शस्त्रक्रियेसाठी आसपासच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून रुग्ण ज्या मिरजेत येतात, त्या मिरजेतील शस्त्रक्रियागृहांत हे धागे नित्याचे आहेत.

धागा विरघळतो एवढ्यावर मात्र कुणी तो शरीरात घालत नाही. तो किती दिवसांत विरघळतो, विरघळताना कोणते पदार्थ सुटतात, त्यांनी आजूबाजूच्या पेशींना सूज येते का, ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात की साठून राहतात, यांची उत्तरे ठरावीक चाचण्यांनी द्यावी लागतात, आणि भारतातही २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी त्याची चौकट घातली आहे. विघटनशीलता आणि जैवसुसंगतता, म्हणजे शरीराला अपाय न करता सोसवणे, या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. एखादा पदार्थ झपाट्याने मोडूनही विषारी तुकडे मागे ठेवू शकतो, आणि सोन्यासारखा दुसरा एखादा कधीच न मोडता शरीराला निमूट सोसवतो. शरीरासाठी वैद्यकशास्त्राने जी शिस्त लावून घेतली, तिचा निम्मा भागही आपण मातीसाठी लावलेला नाही, आणि या लेखातील माझी मुख्य तक्रार हीच आहे.

मातीच्या बाबतीत काय होते, याचा अनुभव सातारा जिल्ह्याने घेतलेला आहे. महाबळेश्वर, पाचगणी आणि भिलारच्या पट्ट्यात स्ट्रॉबेरीच्या गादीवाफ्यांवर मल्चिंग पेपर अंथरतात. तो तण रोखतो, ओल टिकवतो, फळ मातीला टेकू देत नाही. उपयुक्ततेविषयी वाद नाही. पण हंगाम संपल्यावर तीसेक मायक्रॉनचा तो पातळ पापुद्रा सलग निघत नाही, फाटतो, आणि गोळा झालेला भाग बांधावर जाळला जातो तर उरलेले तुकडे नांगरटीत मिसळतात. ठिबकच्या पातळ नळ्यांची अवस्थाही बऱ्याच ठिकाणी तीच. शेतात एकदा विखुरलेली वस्तू वेचण्याला मजूर मिळत नाही आणि मजुरी परवडत नाही, हे साधे अर्थशास्त्र आहे; शेतकऱ्याच्या बेफिकिरीला दोष देऊन ते बदलणार नाही. सेन्सरच्या बाबतीत फरक एवढाच की प्लॅस्टिकच्या तुकड्यासोबत आता काचतंतू आणि इपॉक्सीचा पट्टा, ब्रोमीनयुक्त ज्वालारोधक, कथलाचा डाक आणि लिथियमची बटणासारखी बॅटरीही मातीत जाईल.

‘कंपोस्ट होणारे’ असा शिक्का असलेली वस्तू घेतली की प्रश्न सुटला, असे वाटणे सोपे आहे. आपल्याकडे कंपोस्टयोग्य प्लॅस्टिकला जे मानक लागू आहे, त्यात पदार्थातील ९० टक्के कार्बन १८० दिवसांच्या आत वायुरूपात बाहेर पडावा अशी कसोटी आहे, पण ती चाचणी ५८ अंश सेल्सिअसला, म्हणजे औद्योगिक कंपोस्टच्या तापलेल्या ढिगात होते. उसाच्या सावलीत वीतभर खोलीवर जमीन ५८ अंशांना कधीच पोचत नाही. उसाच्या साखरेपासून बनवता येणारे पीएलए हे बहुवारिक या तापमानाला मऊ पडून झपाट्याने मोडते, तर साध्या शेतजमिनीत ते वर्षभरानंतरही फारसे बदललेले नसते. पीएलएला माझा विरोध नाही. उत्तर प्रदेशातील एका साखर उद्योगाने त्याचा मोठा कारखाना हाती घेतला आहे आणि आपल्या कारखानदारीनेही तसा विचार करायला हरकत नाही. पण ढिगात उत्तीर्ण झालेला पदार्थ शेतात उत्तीर्ण झाला असे समजणे चूक आहे. युरोपने शेतात विरणाऱ्या मल्चिंग फिल्मसाठी २०१८ मध्ये स्वतंत्र मानक केले. त्यात चाचणी मातीतच, २० ते २८ अंशांच्या दरम्यान घ्यायची, मुदत दोन वर्षांची, आणि सोबत गांडुळांवर व रोपांवर काय परिणाम होतो तेही तपासायचे. विघटनशील सेन्सरसाठी आपल्याला सुरुवात करायची असेल, तर येथून करावी.

त्या मानकातही दोन उणिवा राहतात, आणि त्या आपल्याच जमिनीकडे पाहिल्याशिवाय कळणार नाहीत. पहिली म्हणजे टक्केवारीचा हिशेब. पिशवी किंवा फिल्म हा जवळजवळ एकजिनसी पदार्थ असतो, म्हणून एकूण कार्बनच्या ९० टक्के हा निकष तेथे चालतो. सेन्सरमध्ये वजनाचा मोठा भाग कागदाचा किंवा लाखेचा असू शकतो आणि घातक सारे उरलेल्या दोन-चार टक्क्यांत, डाकात आणि बॅटरीत, दडलेले असू शकते. म्हणून येथे प्रत्येक घटकाचा वेगळा हिशेब मागितला पाहिजे. बॅटरी हे तर या क्षेत्राचे सर्वांत दुबळे अंग आहे. स्वित्झर्लंडच्या एम्पा संस्थेने २०२२ मध्ये जस्त आणि ग्राफाइटची शाई वापरून, पाण्याचे थेंब पडताच चालू होणारी कागदाची बॅटरी दाखवली. ती हंगामभर पुरणारी नाही, पण दिशा योग्य आहे. विघटनशील साधनांत वापरले जाणारे धातू, म्हणजे मॅग्नेशियम, जस्त आणि लोह, आपला शेतकरी कृषी सेवा केंद्रातून मॅग्नेशियम सल्फेट, झिंक सल्फेट आणि फेरस सल्फेटच्या पिशव्यांतून विकत आणून स्वतःच जमिनीत टाकतो. सेन्सरमधून येणारे मिलिग्रॅम त्या किलोंपुढे नगण्य आहेत. शिसे, कॅडमियम आणि लिथियमविषयी असे म्हणता येत नाही.

दुसरी उणीव मातीच्या स्वभावाची आहे. कृष्णाकाठची काळी जमीन बहुतांशी अल्कधर्मी आहे आणि क्षारपड पट्ट्यात तर तिचा सामू आठाच्या बराच पुढे जातो. स्टॅनफर्डच्या ज्या बहुवारिकाचा वर उल्लेख केला, त्यातील इमीन बंध आम्लात सहज तुटतात. अल्कधर्मी जमिनीत त्यांच्याकडून त्याच वेगाची अपेक्षा करता येणार नाही. उलट पीएलएसारख्या पॉलिएस्टरचे जलविघटन अल्कधर्मी माध्यमात वेग घेते. म्हणजे एकच सेन्सर कोकणातल्या आंबट तांबड्या मातीत एक आयुष्य जगेल आणि मिरज तालुक्याच्या पूर्वेला दुसरे. त्यात पाण्याचा प्रश्न मिसळला की गुंता वाढतो. साधन टिकवण्यासाठी त्यावर पाणी आत न येऊ देणारे आवरण चढवावे लागते, आणि विरवण्यासाठी तेच आवरण वेळेवर हटावे लागते. नदीकाठच्या मळीच्या रानात पुराचे पाणी आठवडाभर उभे राहिले, तर ते आवरण ऐन गरजेच्या वेळी जाईल. जिरायत जतमध्ये पावसाने ओढ दिली, तर पीक काढून झाल्यावरही ते जागचे हलणार नाही.

आयुष्य किती हवे, हेही पिकागणिक बदलते. ऑक्टोबर छाटणीनंतर तासगावच्या द्राक्षबागेला चार-साडेचार महिन्यांचा सोबती पुरतो. हळद नऊ महिने जमिनीत असते. आडसाली उसाला सोळा-अठरा महिने लागतात आणि पुढे खोडवा ठेवला तर त्याहून जास्त. यात हळदीची गोष्ट सर्वांत नाजूक आहे, कारण तेथे पीकच मातीतून उकरून काढतात. नांगराने गड्डे वर येताना त्यांच्यासोबत जमिनीतील जे काही येईल, ते वेचणीत सुटले तर शिजवण्याच्या काहिलीत, मग पॉलिशच्या ड्रममध्ये आणि तेथून बाजार समितीतून लोकांच्या स्वयंपाकघरात जाऊ शकते. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीला हा धोका परवडणारा नाही. हळदीच्या रानात पुरायचे साधन केवळ मातीला सोसवणारे असून भागणार नाही. ते खाण्याच्या पदार्थाला लागू होणाऱ्या कसोटीने तपासले पाहिजे.

या भूमिकेवर घेतला जाणारा एक आक्षेप मला गंभीर वाटतो. विघटनशील सेन्सर म्हणजे दर हंगामाला नवा सेन्सर. बियाणे, खते, औषधे आणि ठिबकचे सुटे भाग यांच्या खर्चात आधीच अडकलेल्या शेतकऱ्याला आणखी एका वार्षिक खरेदीचे गिऱ्हाईक बनवणे कंपनीच्या फायद्याचे आहे, आणि पर्यावरणाचे नाव पुढे केल्यावर त्याविरुद्ध बोलणेही अवघड होते. दुसरा आक्षेप निर्मितीचा आहे. विघटनशील म्हणवणारे बरेच अर्धवाहक आजही क्लोरोबेंझिन किंवा क्लोरोफॉर्मसारख्या द्रावकांत विरघळवून पसरवले जातात, आणि कित्येकांची जोडणी करताना कथिलाची विषारी संयुगे वापरली जातात. शेतकऱ्याच्या मातीला निरुपद्रवी असलेली वस्तू कुठल्या तरी औद्योगिक वसाहतीच्या नाल्याला विषारी असेल, तर आपण फक्त कचऱ्याची जागा बदलली. इंडिगोचा थर द्रावकाशिवाय, निर्वात पोकळीत वाफेने चढवता येतो, हा त्याचा मोठा गुण. पण निर्वात यंत्रणा महाग पडते.

या आक्षेपांमुळे मागणी सोडून देण्याचे कारण नाही; ती अधिक नेमकी करण्याचे कारण आहे. संपूर्ण सेन्सर विघटनशील करण्याचा हट्ट धरू नये. रेडिओ, सौर पट्टी, मुख्य बॅटरी आणि हिशेब करणारी चिप हा महाग भाग जमिनीवर, काठीवर, दिसेल असा ठेवावा. तो पाच-सात वर्षे चालावा, उघडता यावा आणि परत घेण्याची जबाबदारी पुरवठादारावर असावी. जमिनीखाली जातो तो फक्त इलेक्ट्रोडचा पट्टा, त्याचा पाया आणि आवरण. एवढाच भाग विघटनशील असला की दर हंगामाची खरेदी त्या स्वस्त पट्ट्यापुरती उरते, आणि कमी क्षमतेचे कार्बनी पदार्थ, कागद, लाख व मॅग्नेशियम यांना झेपणारे कामही नेमके तेच आहे. पट्टा आणि पेटी यांची जोडणी कोणत्याही कंपनीची चालेल अशी खुली ठेवण्याची अट मात्र घातली पाहिजे. नाहीतर स्वस्त पेटी देऊन महाग पट्टे विकण्याचा धंदा सुरू होईल.

वरची पेटी परत गोळा करायला नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. उसाची नोंद घेणारे कारखान्याचे गट कार्यालय प्रत्येक प्लॉट ओळखते, तोडणीच्या वेळी चिटबॉय, म्हणजे तोडणीच्या नोंदी ठेवणारा कारखान्याचा माणूस, बांधावर असतोच, आणि कोणत्या शेतात कधी कोयता लागणार हे कारखान्याला शेतकऱ्याच्याही आधी ठाऊक असते. ज्या यंत्रणेला एकेका गाडीचे वजन मोजता येते, तिला एकेका पेटीची नोंद ठेवणे अवघड नाही. द्राक्षाच्या बाबतीत हेच काम बागायतदारांच्या संघटना आणि निर्यातदार करू शकतील.

राहता राहिला चाचणीचा प्रश्न, आणि ती परदेशी प्रयोगशाळेच्या दाखल्यावर भागवू नये असे मला आग्रहाने वाटते. फलटण तालुक्यातील पाडेगावला १९३२ पासून ऊस संशोधन केंद्र आहे, मिरज तालुक्यात कसबे डिग्रजला हळदीवर काम करणारे केंद्र आहे, सांगलीत अभियांत्रिकीचे जुने महाविद्यालय आहे आणि पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळा शिवाजी विद्यापीठात आहेत. पाडेगावची भारी जमीन, डिग्रजचा नदीकाठ आणि एखादा क्षारपड तुकडा, अशा तीन ठिकाणी हे पट्टे पुरून दर तीन महिन्यांनी उकरून पाहणे, उरलेले वजन, मातीतील धातू आणि गांडुळांची संख्या नोंदवणे, याला फार मोठा निधी लागत नाही. दोन आडसाली हंगामांचा धीर लागतो. तोवर अनुदानातून घेतल्या जाणाऱ्या सेन्सरच्या निविदेत निदान तीन गोष्टी आजच मागता येतील: जमिनीखाली जाणाऱ्या प्रत्येक घटकाचे नाव आणि वजन, त्यात शिसे, कॅडमियम व लिथियम नसल्याची हमी, आणि वरचा भाग परत नेण्याची मुदत, ती पाळली नाही तर जप्त करता येईल अशी अनामत रक्कम पुरवठादाराकडून आधीच भरून घ्यावी.